अंबाबाईच्या गालातली हळद

आमच्या पोशीरच्या अंबाबाईचे हात बारा महिने पिवळे आणि दात बारा महिने काळे. हात पिवळे ते लोकांच्या लग्नांमुळे, दात काळे ते स्वतःच्या मिश्रीमुळे. मधे जी बाई उरते ती कुठल्या रंगाची, हे पंचेचाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही मला सांगता येत नाही. नाव देवीचं आहे, पण साम्य तिथंच संपतं. देवीला नवस बोलला तर ती निदान ऐकून घेते. हिच्यापुढं आपलं वाक्य पुरं होत नाही.

अंबाबाई धवलारीण आहे. ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, दक्षिणा घेतो आणि पुढच्या मांडवात पळतो. लग्न खरं लावते ती धवलारीण. हळद दळायला घेतल्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक कामाचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणायचं. धवला म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. म्हणजे लागते, पण म्हाताऱ्या म्हणतात लागली नाही, आणि मग लग्नात पुढं जे काही बिघडेल ते त्याच्यामुळंच बिघडतं.

आता हळदीला डीजे असतो. घरातली भांडी फळीवरून चालायला लागतात इतका त्याचा आवाज. पण पहिलं बोट अजून अंबाबाईचंच. ती मांडवात शिरली की डीजेवाल्याकडं बघते आणि म्हणते, "ए बाबा, तुझा तो डबा जरा गप कर. नवरीला माझं ऐकू दे. तुझ्यासारख्यांचं तिला जन्मभर ऐकायचंच हाय." आणि तो गप करतो. नेरळच्या नव्या बिल्डिंगींतले लोकसुद्धा तिला गाडी पाठवून नेतात.

हे सगळं ती सासूकडून शिकली. माहेर तिचं खालापूरच्या पुढचं, तिकडचे धवले वेगळे. सासू धोंडूबाई म्हणजे विंचवानं घाबरावं अशी बाई. दोघींचं बोलणं वर्षानुवर्षं बंद, पण गाणं चालू. धोंडूबाई जात्यावर बसून धवल्यातून सुनेचा उद्धार करायची, सून चुलीपाशी बसून धवल्यातूनच परतफेड करायची. असं भांडता भांडता तीनशे धवले हिला पाठ झाले. व्याहीण जरा तोऱ्यात दिसली की अंबाबाई जागच्या जागी नवा बांधते:

व्याहीण आली टेंपोत बसून,
लुगडं राहिलं दारात फसून.

सासूकडून दुसरी एक गोष्ट मिळाली, ती मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना चोळायची. अंबाबाई दर सोमवारी भाजते, म्हणजे भाजायची. त्या दिवशी आमच्या आळीतली कुत्रीसुद्धा शिंकायची. दिवसातून सात वेळा दात घासूनही दात काळे, अशी बाई जगात दुसरी नसेल. मीही लावायची. माझी नात नम्रता चार वर्षांची असताना पापा द्यायला आली आणि "आजी, तुझ्या तोंडाला चुलीचा वास येतो" म्हणून परत गेली, त्या दिवशी सोडली. रोगाच्या भीतीनं मी आयुष्यात काहीच सोडलेलं नाही. पोरीच्या पाप्यासाठी सोडली.

आता मुद्द्याचं. गेल्या होळीनंतर नेरळला एका हळदीत मी अंबाबाईच्या मागं बसले होते. पाहते तर ही उजव्या बाजूनं तोंड मिटून, डाव्या बाजूनं गातेय. चहासुद्धा डावीकडून पिते. मांडवातून बाहेर पडल्यावर मी तिला विहिरीमागं गाठलं.

"अंबे, तोंड उघड."

"का, दात मोजायचेत?"

"उघड म्हणते ना."

तिनं उघडलं. उजव्या गालात आतून पांढरट चट्टा, मधे लाल, कडेला टणक. मी बोट लावलं तर तिनं चावायचं तेवढं बाकी ठेवलं.

"किती दिस झाले?"

"होळीपासनं हाय. जाईल आपसूक."

"डॉक्टरला दाखव."

"सीझन संपू दे. सोळा लग्नं घेतलीत. तोंडाला काय झालंय असं कळलं तर कोण बोलवंल मला? नवरीच्या अंगाला हात लावायचा असतो, गोदे." मग माझा हात धरून म्हणाली, "तुला नम्रताच्या हळदीची शपथ. कुणाला बोलायचं नाय."

नम्रताचं लग्न वैशाखात ठरलं होतं, त्या सोळांतलंच एक. इथं मी खरं सांगते, कारण खोटं सांगून या वयात मला काय मिळणार. माझ्या मनात आलं, अंबीशिवाय माझ्या नातीला हळद लावणार कोण. म्हणून मी शपथ घेतली. आणि नुसती शपथ घेऊन थांबले नाही, वैद्यही झाले. घरची हळद उखळात कुटायची, तुपात मळायची, बोराएवढी गोळी करून रोज सकाळी तिच्या गालात ठेवायची. तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईला वैद्यकी करायला कोण अडवतंय.

चट्टा काही जाईना. अंबाबाई मात्र म्हणायची, बरं वाटतंय. गोळीत तूप जास्त होतं, म्हणून वाटत असणार.

एप्रिलात गावाच्या समाजमंदिरात तपासणी आली. मुंबईकडच्या कुठल्याशा कॉलेजातली चार माणसं, त्यात समिधा नावाची एक मुलगी. नेरळचीच, बाप रेल्वेत. तोंडाचा कॅन्सर आधीच ओळखायचं काहीतरी नवीन त्यांनी काढलं होतं आणि ते नीट चालतं का, हे बघायला ते मिश्री लावणाऱ्या बायका शोधत फिरत होते. अशा बायका शोधायला आमच्याकडे फार फिरावं लागत नाही.

समिधानं सगळ्यांना बसवून समजावलं. एका वाटीत थुंकायचं. ती थुंकी एका कागदाच्या पट्टीवर टाकायची. पट्टीत काही कण आहेत, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. पट्टी एका काळ्या खोक्यात ठेवायची, खोक्यात जांभळा दिवा. त्या उजेडात ते कण तांबडे चमकतात. ज्याच्या तोंडात रोग मूळ धरत असेल त्याच्या थुंकीत एक पदार्थ वाढतो. तो कणांना जाऊन चिकटला की त्यांची चमक मंदावते. खोक्याला लावलेला फोन चमक मोजतो आणि आकडा सांगतो. पन्नासच्या वर चांगलं, खाली गेलं तर पुढं तपासायचं.

"म्हंजे दिवा पेटता राहिला तर बरं, विझला तर वाईट," अंबाबाई म्हणाली.

"बरोबर, आजी."

"मंग यात नवीन काय शोधलं तुमी? आमच्याकडं लहान पोर पण सांगंल."

समिधा हसली. पोरगी चांगली होती, तिला राग येत नव्हता. तिनं यादी वाचली. थुंकण्याआधी तासभर चहा नाही, जेवण नाही, पान नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही, गुटखा नाही. आम्ही यादी अक्षरशः पाळली. अंबाबाई तासभर मिश्रीविना बसली आणि त्या तासात तीन जणींशी भांडली. तिला खरं तर यायचंच नव्हतं. पण गावातल्या सगळ्या बायका आल्या आणि धवलारीण आली नाही तर चर्चा होणार, म्हणून आली. मी सकाळी तिच्या गालात नेहमीपेक्षा मोठी गोळी बसवली होती. म्हटलं, आज तपासणी आहे, तोंड जरा स्वच्छ दिसू दे. यादीत हळदीचं नाव नव्हतं. हळद हे खाणं नव्हे, ती लावायची वस्तू. कुणी विचारलंही नाही, आम्ही सांगितलंही नाही.

एकेक बाई वाटीत थुंकायला लागली. कुणाची तपकिरी, कुणाची लाल, कुणाची काळपट. समिधानं सकाळपासून इतके रंग पाहिले होते की अंबाबाईच्या पिवळ्याचं तिला काही वाटलं नाही. आळीतल्या जनीचा आकडा एकाहत्तर आला. माझा अडुसष्ट. मग अंबाबाईची पट्टी आत गेली आणि फोनवर नव्याण्णव येऊन आकडा थांबला. त्याच्या पुढं त्याला मोजताच येत नव्हतं.

"बापरे," समिधा म्हणाली. "आजी, तुम्ही तर भट्टीच लावलीत."

मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी राग आला. वीस वर्षं मिश्री सोडून माझा अडुसष्ट, आणि ही दिवसातून सात वेळा चोळणारी, हिचा नव्याण्णव. अंबाबाई त्या दिवशी आळीतून नवरदेवासारखी चालत गेली.

समिधानं सगळ्यांना बजावलं होतं, आकडा काहीही असो, हे यंत्र अजून शिकतंय, उद्या नेरळला दातांच्या डॉक्टरीणबाईंना तोंड दाखवूनच जा. मी अंबाबाईला म्हटलं, जाऊया का.

"नव्याण्णव मार्क पडल्यावर परत परीक्षेला कोण बसतं गं?" ती म्हणाली आणि मिश्रीचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातले बाकीचे नेरळला होते, समिधा एकटीच समाजमंदिरात सामान आवरत होती. मी तिच्यासाठी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं घेऊन गेले. खोकं उघडं होतं, जांभळा दिवा चालू, ती आतून पुसत होती. मी ताट टेबलावर ठेवायला हात पुढं केला आणि माझी बोटं पेटली. पिवळी-हिरवी, काजव्यासारखी. नखांच्या कडा तर जळत्या वातीसारख्या. मी ताट तिथंच सोडलं. बिरडं वाचलं ते केवळ समिधामुळं.

"पोरी, माझ्या हाताला काय झालं?"

"काही नाही, आजी. हळद लागलीय. जांभळ्या उजेडात हळद चमकते, कॉलेजात आम्हाला शिकवतात." ती भाकरी मोडायला लागली.

मी हात आत घातला, बाहेर काढला, पुन्हा आत घातला. सकाळी अंबीची गोळी मीच कुटली होती.

"तुझ्या खोक्याला कळतं का, कुठला उजेड हळदीचा आन् कुठला तुझ्या कणांचा?"

समिधाचा घास हातातच राहिला. "नाही. फोन फक्त एकूण उजेड मोजतो. पण तोंडात हळद कशाला असेल कुणाच्या?"

खरं सांगते, तेवढ्यात माझ्या डोक्यात मांडव उभा राहिला. पिवळी नम्रता, पाटावर बसलेली, आणि धवलारणीची जागा रिकामी. शपथही त्या हळदीचीच घेतली होती. मग मला दुसरं चित्र दिसलं. तो चट्टा, आणि त्याच्यावर मीच रोज सकाळी लावलेला पिवळा दिवा. बाई आतून विझत होती आणि मी बाहेरून रोषणाई करत होते.

"त्या नव्याण्णवात अंबीचं काय नव्हतं," मी म्हटलं. "सगळं माझ्या उखळातलं होतं." आणि होळीपासूनचं सगळं सांगून टाकलं.

समिधानं भाकरी बाजूला ठेवली आणि कपाळाला हात लावून बसली. "सगळं लिहिलं होतं यादीत. चहा, पान, गुटखा. कोकणात येऊन हळद लिहायची राहिली," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "आजी, त्यांना आत्ता घेऊन या. उद्या नको."

अंबाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"अंबे, तुझे नव्याण्णव खोटे."

"जळतेस तू."

"जळते ती हळद. त्या जांभळ्या दिव्यात माझी बोटं पण नव्याण्णव आली असती. चल परत."

तिनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे तू त्या पोरीला सांगितलंस."

"सांगितलं."

"शपथ घेतली होतीस."

"घेतली होती. मोडली. आता काय करतेस, पोलिसात जातेस?"

तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. मग म्हणाली, "गोदे, कापतील ते. तोंड कापलं तर आवाज जाईल. काळे दात, पिवळे हात आन् तोंडातनं शब्द नाय. ती बाई घेऊन मी काय करू? तिला मी ओळखत पण नाय."

रडले असते तर तिनं मला हाकललं असतं. समजूत घालायला मी काय तिची आई आहे. म्हणून मी धमकी दिली.

"बरं, नको येऊ. पण तुझ्या मागं या आळीत धवले कुणाला येतात? मला. नम्रताच्या लग्नाला तू असलीस तर असलीस. नसलीस तर मी म्हणणार. आन् तुझ्या दहाव्याला पण मीच गाणार, सगळे तीनशे."

आणि मी सुरू केलं. माझ्या आवाजाबद्दल माझे सासरे म्हणायचे, गोदा गायला लागली की म्हैस पान्हा चोरते. पहिली ओळ अंबाबाईनं तांदळाकडं बघून सोसली. दुसऱ्या ओळीला डोळे मिटले. तिसऱ्या ओळीत मी नवरीच्या भावाच्या जागी नवरीच्या सासऱ्याला उभं केलं, तेव्हा ती उठली.

"पुरे. मुडद्यांनाही असं छळू नाय. हिरामणला टेंपो काढायला सांग."

हिरामण म्हणजे तिचा मुलगा. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आई स्वतःहून डॉक्टरकडं निघाली, एवढ्यावरच तो इतका घाबरला की त्यानं टेंपोतल्या विटाही उतरवल्या नाहीत.

आधी समाजमंदिरात थांबलो. समिधानं तीनदा, चारदा चुळा भरायला लावल्या, वाटीतली थुंकी पांढरी येईपर्यंत. पट्टी आत गेली. या वेळी मी आकड्याकडं बघितलं नाही, खोक्याच्या फटीतून बघितलं. पट्टीवर तांबडं काहीतरी होतं, राखेखालच्या निखाऱ्याएवढं.

"बावीस," समिधा हळू आवाजात म्हणाली.

अंबाबाईनं पदर नीट केला. "नव्याण्णववरनं बावीस. शाळेत गेले असते तरी एवढी नापास झाले नसते."

नेरळला डॉक्टरीणबाई निघायच्या बेतात होत्या. त्यांनी आरशाची काडी तोंडात घातली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "किती दिवस आहे हे?"

"होळीपासून."

"कुठल्या होळीपासून?"

"यंदाच्याच," मी मधे बोलले. "आधीच्या होळीला ही दोन्हीकडून गात होती." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू रुग्ण नक्की कोण हे ठरवतायत.

गालाचा कणभर तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी नको तेच आलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, रुपयाच्या नाण्याएवढा गाल कापून काढला. डॉक्टर म्हणाले, बारीक होतं, वेळेवर आलात, आणखी दोनतीन महिने गेले असते तर जबडाही घ्यावा लागला असता. अंबाबाईच्या नाकात नळी होती, बोलता येत नव्हतं. तिनं माझ्याकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडं, आणि हात जोडले. डॉक्टरांना वाटलं ती माझे आभार मानतेय. ती सांगत होती, हिच्या गाण्याला घाबरून आले.

पुढचे तीन आठवडे आमच्या आळीत एवढी शांतता होती की लोक बाहेर येऊन बघायचे, काय झालं म्हणून. बातमी अर्थात फुटली. दोन घरांनी लग्नाचं निमंत्रण परत घेतलं. तोंडाचा रोग म्हणे हळदीतून लागतो. असली अक्कल विकत मिळत नाही, घरचीच असावी लागते. आमच्याकडंही नम्रताच्या होणाऱ्या सासरहून कुणी कुजबुजलं. नम्रता सगळ्यांसमोर म्हणाली, "पहिलं बोट अंबाआजीचं. नाहीतर मी कोर्टात लग्न करते, तुम्ही हळद भिंतीला लावा." कुजबुज थांबली. तिचा स्वभाव कुणावर गेलाय ते मी लिहीत नाही.

वैशाखात मांडव घातला. अंबाबाई पाटाशेजारी बसली, उजवा गाल आत ओढलेला, त्यामुळं सारखी मनात काहीतरी शिजवतेय असं दिसत होतं. पहिलं बोट तिनंच लावलं. धवले मी म्हटले. धमकी अशी खरी होईल हे मला ठाऊक असतं तर मी दुसरी एखादी दिली असती. अंबाबाईच्या हातात ताट आणि पळी होती. मी चुकले की पळी ताटावर आपटायची. डीजेवाल्यानं नंतर विचारलं, तुमच्याकडं धवल्याला ताशा पण असतो का.

समिधाही आली होती. तिनं सांगितलं, खोक्यात आता एक लाल काच बसवलीय, कणांचा तांबडा उजेडच तेवढा फोनपर्यंत जातो, हळदीचा पिवळा अडतो. आणि यादीत हळद घातली, अगदी सगळ्यात वर. आमच्या गावातल्या सगळ्या बायकांची तपासणीही परत केली. माझा आकडा चौसष्ट झाला. चार मार्क माझ्याही आमटीचे होते.

मग व्याहीण आली. जरीचं लुगडं, डोळ्याला काळा चष्मा, मांडवात शिरताना पाऊल असं टाकत होती जणू जमीन तिच्या मालकीची आहे आणि भाडं थकलंय. मी सुरू केलं, "व्याहीण आली टेंपोत बसून," आणि पुढची ओळ गेली. डोक्यातून साफ गेली. सगळा मांडव माझ्याकडं बघत राहिला. मी पळी आपटायची वाट बघत होते.

पळी आपटली नाही. माझ्या शेजारून आवाज आला, बारीक, घोगरा, एका बाजूनं वारा सुटणारा:

"लुगडं... राहिलं... दारात फसून."

शब्द सगळे जागेवर होते. स अक्षर जरा घसरत होतं, पण टोमणा बरोबर बसला, कारण व्याहीणबाईंनी खरंच मागं वळून लुगड्याचा काठ बघितला. मांडव हसून कोसळला. हिरामण तोंड वळवून उभा राहिला. अंबाबाईनं पदरानं ओठाची कड पुसली आणि पळी परत हातात घेतली.

हळद आटोपल्यावर मी तिच्याजवळ बसले. गळा बसला होता. म्हटलं, "सांग आता, कसं झालं माझं? किती मार्क?"

तिला बोलून दम लागला होता. तिनं पिवळ्या हाताची दोन बोटं वर केली. मला वाटलं, शंभरातले दोन. मग तिनं तीच दोन बोटं परत वर केली.

बावीस.